माजघरातली भेग

१

शनिवारी भुई सारवायची, हा आमच्या घरचा शिरस्ता होता. पाऊस असो की ऊन, शनिवार आला की मी पदर खोचून शेणाची पाटी पुढे ओढायचे. माझं माहेर मंचरचं. तिथे शहाबादी फरशी, ओलं फडकं फिरवलं की झालं. लग्न होऊन आंबेगावच्या या पश्चिमेच्या डोंगरात आले तेव्हा मला सारवता येत नव्हतं, आणि ही गोष्ट वस्तीतल्या बायकांनी महिनाभर चवीने चघळली.

मला शिकवलं शेजारच्या कुशामावशीने. विधवा बाई, एकटी राहायची, तोंडाची फटकळ. त्याच वर्षी विहिरीवर दोर सटकून माझ्या उजव्या हाताची करंगळी मोडली आणि बाहेरच्या अंगाला वाकडीच जुळली. हात बांधलेला होता तोवर माझी अर्धी भुई तीच करायची. "सरक गं, उरलेलं मी करते," म्हणायची आणि मला ढकलून बसायची. तिचा तळवा रुंद, फराटा ऐसपैस. सगळं झालं की भिंतीच्या कडेने अंगठ्याने ठिपक्यांची एक ओळ उठवायची. कशाला, तर हौस.

माझा फराटा मात्र करंगळीमुळे कायमचा बिघडला. तीन रेघा शेजारीशेजारी आणि चौथी उजवीकडे फटकून.

"तुझं सारवान आंधळा बी वळखंल," मावशी हसायची. "तीन पोरं शाळंला निगाल्यात अन् चवथं चिचा पाडाया पळतंय."

सत्त्याण्णव सालची गोष्ट. भाताच्या लावण्या उरकल्या होत्या. माझी नणंद स्नेहा बारावी होऊन घरात बसली होती, आणि दुसऱ्या रविवारी पिंपळवंडीचे पाहुणे तिला बघायला येणार होते. आम्ही बौद्ध, मुहूर्त, पंचांग आमच्यात नाही, त्यामुळे भर पावसात मुलगी बघायला यायला त्यांना कसली आडकाठी नव्हती. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. डोंगरातली पोरगी, डोंगरातलं घर, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. पण चहा पिताना पाहुण्यांचे डोळे कौलांवरून आणि कुडाच्या भिंतीवरून फिरत होते, ते मी पाहिलं होतं. तिसऱ्यांदा तसं व्हायला नको होतं. माझ्या जिवाला तेवढा एकच घोर होता.

त्या शनिवारी सारवताना माजघरात मला भेग दिसली. मधल्या लाकडी मेढीपासून मागच्या भिंतीपर्यंत, नख जाईल एवढी. आमच्याकडे भुईला भेग पडली की जमिनीला कुणी बोल लावत नाही, घरच्या बाईला लावतात. मी आधी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग शेणात भुसा आणि चिकणमाती कालवून भेग बुजवली, वरून हात फिरवला आणि कुणाला काही बोलले नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना पायाच्या तळव्याला काहीतरी लागलं.

भेग बुजवलेली होती तशीच होती. पण बोटांनी सारवलं की रेघांच्या जागी खाचा पडतात, आणि या पट्टीवर खाचा नव्हत्या. रेघा वर उठलेल्या होत्या. काठीने मारल्यावर पाठीवर वळ उठतात तशा. तीन शेजारीशेजारी आणि एक फटकून, पण फटकलेली रेघ डावीकडे होती.

मी त्या पट्टीपाशी उकिडवी बसले. ओल धरली की माती फुगते, मी स्वतःला सांगितलं. पावसाळ्यात पापड फुगत नाहीत का? करंगळीची रेघ डावीकडे कशी गेली, याला मात्र मला पापडात उत्तर सापडेना. मी ते खुरप्याने खरवडलं आणि पुन्हा सारवलं.

हात धुवायला उठले, तेव्हा आवाज आला.

सर्र... थप. सर्र... थप.

हा आवाज मी दर शनिवारी ऐकत आले होते. तळवा फिरतो तेव्हाची सर्र आणि शेणाचा काला आपटतो तेव्हाची थप. माझे दोन्ही हात कोरडे, कमरेवर होते. स्नेहा परसात भांडी घासत होती, तिच्या राखेचा खरखराट वेगळा ऐकू येत होता. हा आवाज पायांखालून येत होता, सावकाश, एका कडेने दुसऱ्या कडेला सरकत, घाई नसलेल्या बाईने भुई करावी तसा.

मग तो थांबला. मी श्वास सोडला, तर पुन्हा सुरू झाला.

३

आता हे मी कुणाला सांगायचं?

माझे सासरे भागुजी. छप्पन साली पंचविशीतला हा माणूस, घरातले देव टोपलीत घालून त्याने स्वतः घोडनदीला सोडले होते. तेव्हापासून आमच्या घरात भूत, भानामती, करणी हे शब्द शिव्यांसारखे होते. वस्तीत कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली की मामंजी जाऊन तोडायचे आणि तिथेच उभं राहून तासभर समजावायचे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडेही लोक घाबरून अंगणात झोपले. मामंजी एकटे घरात झोपले, आणि सकाळी चावडीवर भूगर्भाच्या थरांबद्दल पेपरातलं वाचून दाखवलं. मला त्यांचा अभिमान होता. मंचरला माहेरी मी मिरवायचे, आमच्या घरात असलं काही चालत नाही म्हणून.

आणि त्याच घरची सून भुईखाली बाई सारवतेय म्हणून हादरली होती. मला माझीच लाज वाटली. आमचे हे, कुंडलिक, मंचरला कांद्याच्या आडतीवर कामाला, आठवड्याने घरी यायचे. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी हसून वडलांना सांगितलं असतं, आणि मामंजी ओरडले नसते. नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं. ते पाहणं मला सोसलं नसतं.

म्हणून मी रोज सकाळी खरवडायचे आणि रोज सारवायचे. भेग आता बोट जाईल एवढी झाली होती. रेघा रोज नव्याने उठत होत्या.

मधल्या एका दुपारी मी शेतातून लवकर आले. बाहेर पाऊस कोसळत होता, घरात अंधारून आलं होतं. मामंजी माजघरात भुईवर बसले होते. चष्मा काढलेला, तळहात जमिनीवर टेकवलेला, मान कलती. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे त्यांची पाठ होती.

माझी चाहूल लागताच त्यांनी हात झटकन मागे घेतला. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांचं तोंड झालं.

"घूस आसंल," ते म्हणाले.

मी काहीच विचारलं नव्हतं.

"हो, मामंजी," मी म्हणाले. "घूसच असणार."

त्या संध्याकाळी विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन त्यांनी नेहमीपेक्षा मोठ्याने केलं.

४

शुक्रवारी कुशामावशी दारात आली. तिचा आवाज आधी येतो, मग ती.

"रत्ने, विळा दे गं. दार तासते. मेलं लागंनाच. काल वढलं तर चौकट वाकडी झाल्यावानी दिसाया लागली."

"पावसाने लाकूड फुगतं, मावशी."

"व्हय की. लाकूड फुगतं, मानसं बी फुगत्यात." ती हसली. पण तिची नजर माझ्या खांद्यावरून माजघरात गेली, आणि मी थोडी आडवी सरकले. तिने तोंड फिरवलं.

विळा घ्यायला तिने हात पुढे केला. नखांत ओलं शेण होतं.

"आज शुक्रवार," मी म्हणाले. "आज कशाला सारवलंस?"

"आसंच," ती म्हणाली. कुशामावशीला मी पहिल्यांदा एका शब्दात उत्तर देताना पाहिलं. जाताना ती उंबऱ्यात थांबली. "तुला रातीचं... न्हाई, काय न्हाई. उंदरं लई झाल्यात औंदा."

ती गेल्यावर मी पाऊस अंगावर घेत वस्तीतून एक चक्कर मारली. निमित्त आगपेटीचं. ज्या दारात डोकावले तिथे भुई ओली, हिरवीगार, नुकती सारवलेली. एवढ्या ओलीत सारवलं तर आठवडाभर वाळत नाही, हे शेंबड्या पोरीलाही कळतं. तरी प्रत्येक घरात सारवलेलं होतं, आणि प्रत्येक बाई दारातच उभं राहून माझ्याशी बोलली. एकीनेही आत ये म्हटलं नाही.

विहिरीचं पाणी तांबडं झालं होतं, तेही कुणी बोललं नाही. फडक्यातून गाळून घेतलं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर कळलं होतं. पण उद्याचा दिवस गेला की रविवार, आणि रविवारी पाहुणे येणार होते.

५

रविवारी सकाळी कुंडलिक आले आणि मागोमाग अकराच्या सुमाराला पाहुणे. मुलगा कपिल, नारायणगावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, शांत चेहऱ्याचा. त्याचे चुलते सावळेराम, ज्यांच्या शब्दाबाहेर ते घर नव्हतं. "जय भीम" झालं, पाय धुतले, भिजलेल्या छत्र्या ओसरीत टेकवल्या. मी माजघरात विहाराची मोठी सतरंजी अंथरली होती. भेगेवर बरोबर मध्यभागी.

"भुई लई झ्याक सारवलीय," सावळेराम बसता बसता म्हणाले. "आमच्याकडं आता समद्यांनी कोबा केला. ही कला ऱ्हायली न्हाई."

माझ्या कानशिलांपर्यंत गरम झालं. कौतुकाने की कशाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

स्नेहा पोहे घेऊन आली. नाव, शिक्षण, स्वयंपाक. ती नीट उत्तरं देत होती. कपिलने तिला वाचायला काय आवडतं ते विचारलं, आणि ती हसली. हे जमतंय, मला वाटलं. फक्त आजचा दिवस, मी मनात म्हणत होते, आजचा दिवस गप्प राहा. कुणाला म्हणत होते कोण जाणे.

सर्र... थप.

सावळेरामांचा पोह्यांचा घास तोंडाशी थांबला आणि मग आत गेला.

सर्र... थप. सर्र... थप.

ताटलीतली सुपारी घरंगळली. कुणी धक्का दिला नव्हता. ती सतरंजीवरून सावकाश निघाली, ओसरीच्या उताराला लागली आणि उंबऱ्यावर आपटून थांबली. सगळ्यांनी तिला जाताना पाहिलं.

"घूस हाय का?" सावळेरामांनी विचारलं.

"व्हय, घूस," मामंजी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

सतरंजीच्या मधोमध एक रेघ वर उचलत होती. आधी शिवण सुरकुतल्यासारखी, मग नीट. चार रेघा. कपिलने पाय जवळ घेतले. तो सभ्य मुलगा, काही बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्यानेच माझा धीर सुटला. मी उठले आणि सतरंजीचं टोक धरून ती ओढली. बशा लवंडल्या, चहा सांडला.

भेग सगळ्यांसमोर उघडी पडली. आता मूठ जाईल एवढी होती. कडेच्या ओल्या काल्यावर रेघा उठल्या होत्या, तीन शेजारी, एक डावीकडे फटकून. मला एकदम उमगलं, आणि मी खाली बसून माझा उजवा हात पालथा न ठेवता उताणा त्यावर ठेवला. तळवा वर, जसा खाली झोपलेल्या माणसाने छताला लावावा तसा.

रेघ न रेघ जुळली. वाकडी करंगळीसुद्धा.

"मामंजी," मी म्हणाले. "मला आठ दिवस ऐकू येतंय."

कुंडलिक म्हणाले, "काय बडबडतीस? पावण्यांम्होरं?"

"मला पण येतंय," स्नेहा म्हणाली. ती रडत होती. "मला वाटलं, मलाच. दादा, मला लाज वाटली सांगायची."

मामंजींनी भेगेशेजारी तळहात टेकवला. मग म्हणाले, "मला बी."

६

पुढचं मामंजींनी केलं. डोक्यावर पोतं न घेता ते पावसात निघाले आणि घराघरासमोर उभे राहिले. चाळीस वर्षं ज्यांची लिंबं तोडली, त्या माणसांपुढे.

"मी भ्यालोय," ते म्हणत होते. "मला भुईखालनं आवाज येतोय. कारन इचारू नका. शाळंत चला."

हसेल कुणीतरी, असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. बाया पोरं काखोटीला मारून इतक्या झटकन निघाल्या, जणू दारामागे उभ्याच होत्या.

शाळा माळाच्या पलीकडे, सडकेलगत. आम्ही सगळे तिथे ओसरीत दाटीवाटीने उभे राहिलो, पाहुणे आमच्यासोबत. डोंगर समोर होता, ढगात अर्धा बुडालेला. बघता बघता पाऊस उणावला. ढग वर सरकला. हिरड्याची झाडं स्वच्छ दिसायला लागली, खाली आमची कौलं दिसायला लागली. सगळं जिथल्या तिथे.

दुपार कलली. पोरं भुकेने किरकिरायला लागली. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी म्हणालं, "भागुजीबाबा बी म्हातारं झालं." आणि हसू फुटलं, दाबलेलं, पण फुटलं. मामंजी खाली बघत होते. कुंडलिक माझ्याकडे बघत नव्हते.

सावळेरामांनी छत्री झटकली. "निघावं म्हनतो. सडकंला गाडी मिळंल." मग स्नेहाकडे न बघता म्हणाले, "कळवतो आमी."

कळवतो म्हणजे काय, ते आम्हाला दोनदा कळलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. खरंच तसं वाटलं, आणि ते वाटल्याचा काटा अजून अंगावर येतो.

मी वर्गाच्या दारात उभी होते. कुशामावशीने माझं तोंड पाहिलं.

"रडू नगं," ती कानाशी म्हणाली. "पावणं उपाशी चाललं तर लई वंगाळ दिसंल. मी जाते तुझ्या घरला, चूल पेटवते, पिठलं-भाकरी टाकते. हितं आनते. पोटात अन्न गेलं की मानूस निवळतो. तुझी लाज ती माझी लाज."

मी नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगते, मला बरं वाटलं. कुणीतरी माझं घर सावरणार होतं.

"सरक गं," ती म्हणाली. "उरलेलं मी करते."

ती माळावरून जाताना दिसत होती. आमच्या दारातून आत गेली. थोड्या वेळाने कौलांतून धूर निघाला, आणि तो पाहून मी सावळेरामांना म्हणाले, "बसा मामा, जेवून जा."

तेवढ्यात हिरड्याची झाडं चालायला लागली. पडली नाहीत. उभीच्या उभी, रांगेने, खाली उतरत आली. आवाज नंतर आला.

७

मावशी मातीखाली चुलीपाशी सापडली. इतर कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

लोक मामंजींच्या पाया पडायला यायला लागले. ते पाय मागे घ्यायचे. दरडीची पाहणी करायला तालुक्याहून साहेब आले, त्यांनी विचारलं, "आधी काही समजलं होतं का?" ओसरीत बसलेल्या सगळ्या बायांनी माना खाली घातल्या.

"समजलं व्हतं," मामंजी म्हणाले. "सांगायची लाज वाटली."

पिंपळवंडीहून होकार आला. अशा घरची मुलगी आम्हाला हवी, असा निरोप होता. स्नेहा दोन दिवस जेवली नाही.

पोकलेन माती उपसत होतं तेव्हा मी आणि मामंजी रोज जाऊन उभे राहायचो. एका सकाळी त्याने आमच्या माजघराच्या भुईचा एक मोठा तुकडा उचलला आणि आमच्यापुढे पालथा टाकला. खालची बाजू वर आली. खाली मुरूम असायला हवा, दगड असायला हवेत.

ती बाजू सारवलेली होती.

भेगेच्या अलीकडे फराटे होते, तीन रेघा आणि एक फटकून. भेगेपाशी ते अर्धवट थांबले होते, काम करता करता कुणी उठून गेल्यासारखे. भेगेच्या पलीकडे फराटे दुसरे होते, ऐसपैस, रुंद तळव्याचे. ते तुकड्याच्या टोकापर्यंत गेले होते. आणि भिंतीच्या कडेला, जिथवर माती शाबूत होती तिथवर, अंगठ्याच्या ठिपक्यांची ओळ होती.

मी शेवटच्या ठिपक्याला बोट लावलं. ओला होता.

"पाऊस हाय," मामंजी म्हणाले. त्यांनी पाहिलं होतं. "ओलं आसनारच."

"हो, मामंजी," मी म्हणाले.

मी आजूबाजूला पाहिलं. पोकलेनवाला बिडी पेटवत होता, कुणाचं लक्ष नव्हतं. मी वाकून दोन्ही हातांनी चिखल घेतला आणि तो तुकडा झाकून टाकला. माझी उरलेली भुई तिने पुरी केली होती. त्या दिवशी शाळेच्या दारात ती सरक म्हणाली, आणि मी सरकले होते.